माळाला झाड हवंच

माझ्या एका व्हिडिओबद्दल आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला सोपं जाईल. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, सदरलंड भागात, मी तो फोनवर काढला होता. त्यात एक अगडबंब यंत्र स्प्रूसची हिरवीगार झाडं बुंध्यातून कापून आडवी करतं आणि मागे नुसता काळा चिखल उरतो. खाली मी लिहिलं होतं, "इथलं सरकार झाडं तोडायला पैसे देतं. श्रीमंतांची थेरं! आपल्याकडे एक रोप जगवायचं तर टँकर मागवावा लागतो." गावाकडच्या ग्रुपवर टाकला आणि तो सुटलाच. फिरत फिरत माझ्याकडेच परत आला, तेव्हा त्यावर कुणीतरी सनईचे करुण सूर चढवले होते.

वाईट म्हणजे त्या तोडीचे नकाशे मीच केले होते. पगार त्याच कामाचा घेत होते. आणि हे सगळं कशासाठी चाललंय, असं एकदाही धड कुणाला विचारलं नव्हतं, कारण मला उत्तर नकोच होतं. मला चीड हवी होती. परदेशात राहणाऱ्या माणसाला गावाकडे पाठवायला ती फार सोयीची वस्तू असते.

मी सोलापूर जिल्ह्यातली. अण्णा, म्हणजे माझे वडील, सामाजिक वनीकरणात होते. त्यांची सगळी नोकरी माळावर गेली. सलग समतल चर काढायचे, चराच्या भरावावर रोप लावायचं, आळं करायचं, उन्हाळाभर घागरीनं पाणी घालायचं. गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी. सुट्टीत आम्ही भावंडं त्यांच्याबरोबर जायचो आणि जगलेली रोपं मोजायचो. आमच्या घरात देवाधर्माचं फारसं नव्हतं, पण झाडावर कुऱ्हाड चालवणाऱ्याकडे अण्णा ज्या नजरेनं बघायचे, ती नजर देवधर्माच्या जागी होती. शाळेच्या एका भिंतीवर 'झाडे लावा, झाडे जगवा', समोरच्या भिंतीवर 'पाणी अडवा, पाणी जिरवा'. मी त्या दोन भिंतींमध्ये वाढले. बोडका माळ दिसला की हा कुणाचा तरी गुन्हा आहे, असंच मनात यायचं.

पुढे पुण्यात जीआयएस शिकले, लग्न झालं, नवऱ्याच्या नोकरीपायी इन्व्हर्नेसला आले आणि तिथल्या एका कंत्राटदार कंपनीत नकाशे करण्याचं काम मिळालं. इन्व्हर्नेसहून विक-थर्सोकडे जाणारी रेल्वे हेल्म्सडेलला समुद्र सोडून आत वळते. मग बराच वेळ खिडकीबाहेर तपकिरी-लालसर सपाटी, मध्येच काळ्या पाण्याची डबकी, लांब कुठेतरी डोंगराची रेघ, आणि झाड म्हणून नाही. फोर्सिनार्ड नावाचं एवढंसं स्टेशन येतं आणि जातं. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी मनात म्हटलं, काय करून ठेवलंय या लोकांनी जमिनीचं!

स्कॉटलंडच्या पुष्कळ डोंगरांबाबत हा आरोप खराही आहे. तिथं मेंढ्या आणि हरणं रोपाला मान वर काढू देत नाहीत. पण हा भाग, ज्याला फ्लो कंट्री म्हणतात, त्यातला नव्हे. इथं हवा थंड, पाऊस सततचा, जमीन आम्लधर्मी. स्फॅग्नम नावाचं शेवाळ वाढतं, मरतं आणि पाण्यात बुडालेलं असल्यामुळे पुरतं कुजत नाही. त्यावर पुढचं शेवाळ. अशा अर्धवट कुजलेल्या थरांना पीट म्हणतात. हजारो वर्षं हे चाललंय, आणि चढ म्हणू नका, उतार म्हणू नका, सगळी जमीन पीटनं झाकून टाकली आहे. केथनेस आणि सदरलंड मिळून सुमारे 4,000 चौरस किलोमीटर. या प्रकारची एवढी सलग दलदल युरोपात दुसरी नाही. जगाच्या जमिनीपैकी जेमतेम 3 टक्के पीट असेल, पण त्यात जगातल्या सगळ्या जंगलांतल्या झाडोऱ्यापेक्षा जास्त कार्बन साठलेला आहे.

हे आकडे मला पाठ होते. कंपनीच्या प्रत्येक सादरीकरणात ते असायचे, आणि त्या पानाची मांडणी बहुतेक वेळा मीच करायचे. आकड्यांनी माझं मत तसूभरही हललं नाही. कार्बन दिसत नाही, तोडलेलं झाड दिसतं.

या दलदलीवर झाडं कशी आली, तो इतिहास मात्र मी चवीनं वाचला, कारण त्यात शिव्या घालायला श्रीमंत माणसं होती. पहिल्या महायुद्धात ब्रिटनला लाकडाचा तुटवडा जाणवला, म्हणून 1919 साली फॉरेस्ट्री कमिशन स्थापन झालं. लाकूड वाढवण्याचा ध्यास तिथून आलेला. पण फ्लो कंट्रीवर 1980 च्या दशकात जो नांगर फिरला, त्याला लाकडापेक्षा करसवलत जास्त कारणीभूत होती. तेव्हा ब्रिटनमध्ये वरच्या उत्पन्नावर 60 टक्के कर होता, आणि लागवडीचा खर्च उत्पन्नातून वजा करता यायचा. मग दूरदूरच्या धनिकांनी, त्यात गाणारे, खेळाडू, टीव्हीवरचे चेहरेसुद्धा आले, कधी न पाहिलेल्या दलदलीचे तुकडे घेतले, आणि कंपन्यांनी त्यांच्या नावानं झाडं लावून दिली. 1987 साली नेचर कॉन्झर्व्हन्सी कौन्सिल या सरकारी संस्थेनं पक्षी, दलदल आणि वनलागवड यांवर अहवाल काढला आणि हे थांबवा म्हटलं. तो प्रसिद्ध केला लंडनमध्ये, त्यामुळे इकडच्या लोकांना चांगलाच झोंबला. पुढच्याच वर्षी, 1988 च्या अर्थसंकल्पात, अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी ती सवलत काढून घेतली आणि नांगर थांबले.

हे सगळं वाचूनही मी झाडांच्याच बाजूची. लावणाऱ्याची नियत खोटी असेल, झाडाचा काय दोष? आता उभी आहेत तर राहू द्या की. हे मी ऑफिसात चहाच्या वेळी मोठ्यानं म्हणायचे. कुणी वाद घालत नसे. इथली माणसं वाद टाळायला हवामानावर बोलतात, आणि हवामान तर नेहमी हाताशी असतंच.

लागवड कशी केली, ते सांगायला हवं. साखळीपट्ट्यांच्या ट्रॅक्टरमागे कथबर्टसन नांगर जोडायचा. तो पीटमध्ये खोल सरी पाडत जायचा आणि निघालेला ओला पट्टा उलटा करून शेजारी वरंबा घालायचा. वरंब्यावर रोप. पाणी सरीतून वाहून मोठ्या चरात, तिथून ओढ्यात. झाडं दोन जातींची, सिटका स्प्रूस आणि लॉजपोल पाइन, दोन्ही उत्तर अमेरिकेतून आलेली. पीटमध्ये अन्न कमी, म्हणून हेलिकॉप्टरनं फॉस्फेट खत.

विमानातून केलेल्या लेझर मोजणीत झाडांखालची जमीन उघडी पडते, त्यामुळे या सऱ्या मी पडद्यावर रोज बघत होते. त्या बघताना अण्णांचे चर आठवायचे. भरावावर रोप, तीच पद्धत. मनातल्या मनात मी त्या नांगरणाऱ्यांना शाबासकी द्यायचे. अण्णांचे चर समतल रेषेला धरून जात. इथल्या सऱ्या समतल रेषांना छेदून सरळ उताराला लागलेल्या. अण्णांचा चर पाणी थांबवायला, हा पाणी घालवायला. दोन्ही रेषा माझ्याच हातच्या, माझ्याच पडद्यावर, दोन वेगळ्या रंगांत. टँकरच्या रांगेत उभं राहून मोठी झालेल्या मुलीला पाणी कुठं चाललंय हे दिसू नये, याला अज्ञान म्हणता येत नाही. मी बघत होते झाडांकडे. जमिनीकडे मी बघितलंच नव्हतं.

पीटची खोली मोजायला मी बाहेर पडले, तीही एक सहकारी आजारी पडली म्हणून. बरोबर पोकलेनचा ऑपरेटर होता, साठीच्या पुढचा, त्याच खोऱ्यात जन्मलेला, मोजकं बोलणारा. यंत्र आत घालण्यापूर्वी कुठं खोल आहे आणि कुठं दगड, ते त्याला बघायचं होतं.

लागवडीच्या आत दिवसाढवळ्या अंधार होता. खालच्या फांद्या उजेडाविना वाळून काटक्या झालेल्या, त्या कपड्यांत अडकायच्या. पायाखाली नुसत्या सुया. गवत नाही, फूल नाही. पक्ष्याचा आवाज नाही. उसाच्या फडात शिरल्यावर वाटतं तसं वाटत होतं, सगळीकडे एकच पीक, एकच वय, एकच उंची. आमच्या मागे सरकणाऱ्या उजेडाच्या पट्टीकडे मी दोनदा वळून बघितलं.

एका सरीत तो थांबला आणि बुटानं सुया बाजूला सारल्या. खाली भेग होती. सरीच्या तळाला, सरीच्या दिशेनंच गेलेली, तळहात आडवा जाईल एवढी रुंद. तो काही बोलला नाही. मी गुडघ्यांवर बसले, हातमोजा काढला आणि हात आत घातला. मनगट गेलं, कोपर गेलं, दंड टेकला तरी बोटांना तळ लागेना. आतली कड चाचपली तर ती कोरडी होती. चोळल्यावर बोटांत तपकिरी भुगा आला, हलका, चहाच्या चोथ्याहून हलका, आणि नाकाशी नेला तर जुन्या कपाटाचा वास. आमच्या काळ्या रानाला एप्रिल-मेमध्ये भेगा पडतात, त्या पहिल्या वळवाला मिटू लागतात. ही भेग मिटलेली नव्हती, आणि इथं पावसाला कधी तोटा नसतो. सऱ्यांनी पाणी काढून नेलं, झाडांनी उरलेलं मुळांनी ओढलं, पानांनी पाऊस वरच्या वर झेलला. एकदा पुरतं वाळलं की पीट पाणी सहजी पुन्हा घेत नाही.

त्या वेळी बाहेर पाऊस पडत होता. झाडांतून निथळून माझ्या टोपीवर पडत होता, मानेवरून पाठीत उतरत होता. आणि माझा हात कोरड्या जमिनीत होता.

तिथून आम्ही लागवडीच्या कडेला आलो आणि उघड्या दलदलीवर उतरलो. इथं चालायची रीत वेगळी, पाय टाकला की आजूबाजूची जमीन किंचित हलते. खोली मोजायच्या सळया एकीला एक जोडत मी खाली सोडत गेले. जोर लावावा लागला नाही. चार मीटरला कुठं टक्‌ आवाज आला. पीट वर्षाला साधारण एक मिलिमीटर चढतं. चार मीटर म्हणजे चार हजार वर्षं. शिवराज्याभिषेकाच्या वर्षीचं शेवाळ माझ्या बुटाखाली फूट-सव्वा फुटावर असणार. सळी काढली तर भोक पाण्यानं भरून आलं. मूठभर स्फॅग्नम उचलून पिळलं, धार लागली आणि हातात चिमूटभर उरलं. हे शेवाळ आपल्या कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी धरू शकतं, हेही मी सादरीकरणात लिहिलेलं होतं. शेजारी ड्रॉसेरा होता, लाल केसांच्या टोकांवर चिकट थेंब घेतलेला, एका पानावर एक चिलट अडकून धडपडत होतं. कॉलेजात असताना कासच्या पठारावर गुडघे टेकून मी याच कुळातल्या रोपाचे फोटो काढले होते, आणि कासला झाडं नाहीत म्हणून कुणाला बोल लावला नव्हता. कास बघायला मी तिकीट काढून गेले होते ना.

ज्या जमिनीला मी उजाड म्हणत होते, तिच्यात पाणी मावत नव्हतं. जिला हिरवीगार म्हणून व्हिडिओ काढला, तिच्या पोटात दुष्काळ पडला होता.

मत त्याच दिवशी बदललं असं सांगितलं तर खोटं होईल. त्या दिवशी फक्त माझा व्हिडिओ मला नकोसा झाला. घरी येऊन मी तो काढून टाकला, चार ओळींची दुरुस्तीही टाकली. तिला दोन अंगठे आले, त्यांतला एक अण्णांचा, आणि अण्णा वाचल्याशिवायच अंगठा देतात. सनईवाला व्हिडिओ अजून फिरतोच आहे.

मत खरं बदललं ते बांधावर.

तोडीनंतरचं काम मला लांबून नुसती नासधूस वाटायची. जवळून बघितलं तर त्याला सराईत हात लागतो. पोकलेनच्या पट्ट्या रुंद असतात, यंत्र रुतू नये म्हणून. ऑपरेटर झाडांचे बुडखे उपटून सरीत उलटे दाबतो, वरंबे सपाट करतो. मोठ्या चरांवर बांध घालतो. त्यासाठी शेजारी छोटा खड्डा घ्यायचा, पण आधी वरचा शेवाळ-गवताचा पापुद्रा अख्खा उचलून बाजूला ठेवायचा. खालचं काळं, ओलं पीट उचलून चरात टाकायचं, बकेटच्या पाठीनं दाबायचं, पुन्हा थर, पुन्हा दाब. बांध चराच्या काठांहून उंच आणि दोन्हीकडे लांब पंख काढलेला, म्हणजे अडलेलं पाणी पुन्हा चरात न शिरता बाजूला पसरतं. सगळ्यात शेवटी तो पापुद्रा बांधावर परत बसवायचा, कारण उघडं पीट वाळतं. आणि पुढचा बांध किती अंतरावर? खालच्या बांधाचं पाणी वरच्या बांधाच्या पायथ्याला टेकेल इतक्या. नालाबांधांची साखळी घालताना अण्णा मजुरांना हेच सांगायचे, आणि मी तेव्हा शाळेत होते.

त्या भेगा पडलेल्या भागात एका चरात पाणी ठरेना. बांध धड होता, पंख धड होते, तरी पातळी उतरत होती. मी तिथं उभी होते आणि माझ्या तोंडून निघालं, "सीओटी." अण्णा कुठलाही मातीचा बांध बघायला गेले की पहिला प्रश्न हाच असायचा, सीओटी कुठपर्यंत नेलाय? बांधाच्या पोटाखाली आडवा चर खोदून त्यात काळी माती ठोकून भरतात, म्हणजे पाणी खालून पळत नाही. मी हातवारे करत ऑपरेटरला ते समजावलं. भेगेच्याही खाली जा, ओलं लागेपर्यंत, आणि चिखल दाबून भर. तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "हो, तेच करतोय," आणि बकेट खाली टाकली. माझा शोध त्याला माझ्या आधीपासून माहीत होता.

तरी मी तिथून हलू शकले नाही. इतके महिने मी ज्याला परक्यांचा वेडेपणा समजत होते, ते अण्णांचंच काम होतं. फरक इतकाच की अण्णा पाणी अडवायचे ते जिरवायला, आणि इथं अडवायचं ते वरच ठेवायला, जमिनीच्या चार-पाच बोटं खाली, बाराही महिने. सोलापूरच्या माळाची तहान मी इथं घेऊन आले होते आणि या जमिनीला पाजत बसले होते. तिला तहान नव्हतीच.

जेवणाच्या सुट्टीत ऑपरेटरनं सहज सांगितलं की हे चर त्यानंच काढलेत. तेव्हा तो विशीतही नव्हता, नांगराच्या ट्रॅक्टरवर होता. मी विचारलं, "तेव्हा काय वाटायचं?" तो म्हणाला, "पैसे चांगले होते. घरून कामाला जाता यायचं." मी विचारलं, "आणि आता बुजवताना?" त्यानं सँडविचचा कागद घडी घालून खिशात ठेवला. "पैसे चांगले आहेत. घरून कामाला जाता येतं." मला त्याच्याकडून पश्चात्ताप हवा होता, तो मिळाला असता तर त्यावरही मी चार ओळी लिहून गावाकडे पाठवल्या असत्या.

अण्णांना फोनवर सांगितलं तर ते उखडले. "काय सांगायलीस? जंगल तोडून चिखल करायलेत, आणि तू नकाशे काढायलीस?" मी सऱ्यांची दिशा सांगितली. ते गप्प झाले. मग त्यांचे नेहमीचे प्रश्न सुरू. पंख किती ठेवलेत? सांडवा कुठाय? म्हटलं, "सांडवा नाही अण्णा, पाणी बाजूला पसरू देतात." "फुटंल मग." "फुटत नाही, उतार कमी आहे." "बघू," म्हणाले, जणू उद्या पाहणीला येणार होते.

नंतर एकदा त्यांचाच फोन आला, आणि विषय निघाला आमच्या जिल्ह्यातल्या नान्नजच्या माळढोक अभयारण्याचा. फ्लो कंट्रीत गोल्डन प्लोव्हर आणि डनलिन हे पक्षी उघड्या जमिनीवर घरटी करतात. लागवडीच्या कडेपासून 700 मीटरपर्यंत त्यांची संख्या घटते, असं तिथल्या अभ्यासात दिसलंय, म्हणजे झाडं जेवढ्या जागेत उभी, त्याहून कितीतरी जास्त जागा बाद होते. कावळे-कोल्ह्यांना आडोसा मिळतो. हे मी अण्णांना कधीतरी बोलले असेन. ते म्हणाले, "माळढोकालाही लांबपर्यंत दिसायला लागतं. उघड्यावर अंडं घालतो तो. आम्ही त्याच्या माळात झाडं उभी केली." नान्नजला आता माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते. त्याला कारणं अनेक, शेती, विजेच्या तारा, शिकार. मी तसं म्हणू लागले, तर त्यांनी मला तोडलं. "झाड वाळलं की आम्हाला मेमो यायचा. गवत गेलं तर कोण विचारत होतं?"

आता माझ्या नव्या मतातली भोकंही दाखवते, नाहीतर मी पुन्हा नुसता व्हिडिओच काढतेय असं होईल. दलदल ओली केली की मिथेन वाढतो. तोडीनंतर राहिलेल्या पाल्या-फांद्यांतून आणि जुन्या खतातून फॉस्फरस ओढ्यात उतरतो, आणि त्या ओढ्यांत सालमन असतात. फायदा लगेच होत नाही. फोर्सिनार्ड भागातच केलेली मोजणी 2019 साली प्रसिद्ध झाली. त्यात तोडीला दहा वर्षं झालेला तुकडा अजून कार्बन सोडत होता आणि सोळा वर्षं झालेला साठवू लागला होता. ब्रिटन आपलं बहुतेक लाकूड बाहेरून आणतो, तेव्हा इथं न वाढलेलं झाड दुसऱ्या कुठल्या तरी देशात तुटणारच. आणि बांध घालून बरीच वर्षं झालेल्या जागीही माझ्या लेझर नकाशात जुन्या सऱ्यांच्या रेघा दिसतात. स्कॉटलंडमध्ये आता अर्ध्या मीटरहून खोल पीटवर नवी लागवड सहसा करू देत नाहीत. 2020 साली तिथल्या सरकारनं दहा वर्षांत 25 कोटी पौंड पीटसाठी द्यायचं जाहीर केलं. माझ्या पगाराचा उगमही तिथंच कुठेतरी आहे, हे लक्षात घेऊनच माझं म्हणणं वाचा.

शिवाय सिटका परत येतो. वाऱ्यानं बी येतं आणि सपाट केलेल्या वरंब्यांवर बोटभर रोपं उठतात. ती उपटावी लागतात. मी उपटते, पण अजून मुकाट्यानं उपटता येत नाही, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटते. अण्णांच्या मुलीचा हात आहे तो.

जुलै 2024 मध्ये दिल्लीत जागतिक वारसा समितीची बैठक झाली, भारतात पहिल्यांदाच. त्यात आसामचे मोईदाम यादीत आले, म्हणून आपल्याकडच्या पेपरांत मोठ्या बातम्या होत्या. त्याच बैठकीत फ्लो कंट्रीलाही जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. अण्णांनी कात्रण फोटो काढून पाठवलं. कात्रणात फ्लो कंट्रीचं नाव नव्हतं, पण त्यांनी समासात पेनानं लिहिलं होतं, "तुझा चिखल पण."

त्यानंतरच्या पावसाळ्याआधी आमच्या गावच्या गायरानावर लागवडीचं उद्दिष्ट आलं. गायरानावर कुसळी गवत आहे, मेंढरं चरतात, पावसाळ्यात चंडोल घरटी करतात. अण्णा ग्रामसभेत उभे राहिले. म्हणाले, गायरानात खड्डे घेऊ नका, ओढ्याकाठी लावा, शेतांच्या बांधावर लावा, शाळेभोवती लावा. सरपंचांनी विचारलं, "अण्णा, समोरच्या माळावरची निलगिरी कुणी लावली हो?" सगळे हसले. अण्णा खाली बसले. ठराव मंजूर झाला.

रात्री त्यांनी फोन केला. "मी काय बोलायला पाहिजे होतं गं?" मला सुचलं नाही. सरपंचांचा प्रश्न चुकीचा नव्हता.

खड्डे घेऊन झाले आहेत, रोपं अजून यायची आहेत. गायरानाच्या ओढ्याकडच्या कोपऱ्यात यंत्र पोचलं नाही. तिथं अण्णांनी चार दगड मांडून चौकोन आखलाय आणि त्यातलं गवत मोजायला सुरुवात केलीय. रविवारी आकडे पाठवतात, मी ते नकाशावर चढवते. परवा विचारत होते, मेंढरं चरायच्या आधी मोजायचं की नंतर. म्हटलं, दोन्ही वेळा मोजा, आणि मेंढपाळाला विचारा तो तिथं केव्हा येतो.